लोड बराबर नाही

आमगावच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो तेव्हा नववीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रयोग करून दाखवायचो. अर्धी भरलेली बादली हातात धरून डोक्यावरून गरगर फिरवायची आणि पाणी सांडत नाही हे पोरांना दाखवायचं. मग फळ्याकडे वळून, हा शोध जणू मीच लावला अशा आवाजात, वर्तुळाकार गतीबद्दल बोलायचं. एका वर्षी कडी निसटली आणि बादली मुख्याध्यापकांच्या दिशेने गेली. ते वर्ष सोडलं तर प्रयोग नेहमी यशस्वी झाला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण घरात वॉशिंग मशीन घ्यायची वेळ आली तेव्हा गोल फिरणाऱ्या वस्तूंबद्दल मला कुणी चार शब्द सांगावेत अशी माझी अजिबात तयारी नव्हती.

मशीन हवी होती ती बाबूजींसाठी. बाबूजी म्हणजे माझे वडील. जन्मभर धानाची शेती केलेला, कुणाचा एक शब्द ऐकून न घेणारा माणूस. लकवा मारला, डावी बाजू गेली आणि ते पलंगाला खिळले. जीभ थोडी जड झाली होती, पण तिची धार कमी झाली नव्हती. फक्त लघवीवर ताबा राहिला नव्हता. गादीवर रबराचं कापड, त्यावर जाड सुती चादर, आणि ती चादर दिवसातून कितीदा तरी बदलायची, असं आमचं घर चाललं होतं.

चादरी धुण्याचं काम माझ्या आईकडे, म्हणजे मायकडे, आणि माझ्या बायकोकडे होतं. मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, दगडावर चादर धुवायची आणि मग एक टोक मायने, दुसरं बायकोने धरून पिळायची. त्या कामात माझाही वाटा असायचा. मी दारात उभा राहून ‘जपून हं’ म्हणायचो. मायच्या मनगटांना सूज यायला लागली तेव्हा मी ‘जपून’ जरा जास्त काळजीने म्हणायला लागलो.

पावसाळा लागला आणि चादरी वाळेनाशा झाल्या. सपरीत चादर, स्वयंपाकघरात चादर, बैठकीत पंख्याखाली चादर. पाहुणा आला की त्याला चादर बाजूला सारून चहाचा कप द्यावा लागे. बाबूजींच्या पलंगावरून हे सगळं दाराच्या चौकटीतून दिसायचं. ते भिंतीकडे तोंड करत. एकच गोष्ट त्यांनी आजारपणाच्या सुरुवातीलाच बजावून ठेवली होती.

“माहे कपडे कोनाच्या कपड्यात टाकाचे नाही. अलग धुवाचे.”

त्यांचा शब्द घरात कुणी मोडत नसे. हाही कुणी मोडला नाही. खरं सांगायचं तर मला तो सोयीचाच वाटला.

मशीन घ्यायला आम्ही गोंदियाच्या बाजारात गेलो. बायकोचं म्हणणं साधं होतं. तिच्या माहेरी दोन टबांची मशीन होती, एका टबात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं, तशीच घ्यावी. ती स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि रोज ओल्या चादरीचं एक टोक तिच्या हातात असायचं, त्यामुळे या विषयातला तिचा अधिकार माझ्यापेक्षा मोठा होता. पण दुकानात समोरून काचेचं दार असलेली एक मशीन मांडली होती आणि आत ड्रम फिरताना दिसत होता. माझं मन त्या ड्रममध्येच अडकलं. दुकानदार मला समजावायला आला, “भाईसाहब, कपडे सूखे के सूखे निकलेंगे.” ते का आणि कसे सुकतात, हे मग मीच त्याला समजावलं. दोन-तीन गिऱ्हाइकंही ऐकत उभी राहिली. इतकं सांगून झाल्यावर दोन टबांची मशीन घेणं मला शोभलं नसतं.

“अहो, पण आपल्याला चादरीच तर धुवायच्या आहेत,” बायको म्हणाली.

“चादरींसाठीच तर ही आहे,” मी म्हणालो. हे वाक्य तिने पुढे मला पुष्कळदा ऐकवलं.

मशीन टेम्पोतून आली, मागच्या सपरीत बसली. बसवायला आलेल्या माणसाने पाठीमागचे चार लांब बोल्ट काढून माझ्या हातात दिले, ‘संभालके रखना’ म्हणाला आणि आमच्याच घरातले धुवायचे कपडे भरून मशीन चालवून दाखवली. धुणं झालं, पाणी गेलं, मग ड्रमने असा काही वेग घेतला की तारेवरच्या चिमण्या उडाल्या. आतून बाबूजींचा आवाज आला.

“अंगनात इमान उतरून राहिला का बा?”

कपडे निघाले ते खरंच जवळजवळ कोरडे. मायने आपलं लुगडं गालाला लावून पाहिलं. मी छाती काढून बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली, म्हणजे हरले असं मान्य केलं. माझ्या संसारातला तो एक दुर्मीळ क्षण आणि तो एका दिवसाचाच निघाला.

कारण दुसऱ्या दिवशी मशीनमध्ये बाबूजींची चादर गेली आणि त्या क्षणापासून ती ‘बाबूजींची मशीन’ झाली. कुणी तसं ठरवलं नाही. जशी त्यांची वाटी वेगळी, पेला वेगळा, तशी मशीनही वेगळी झाली. आमचे कपडे पूर्वीसारखे दगडावर धुतले जाऊ लागले आणि काचेच्या दारामागे फक्त एक चादर फिरू लागली. धुऊन निघायची ती स्वच्छ. पण पिळायची वेळ आली की ड्रम हळूच वेग घ्यायचा, आतून धप् धप् आवाज यायचा, मग ड्रम थांबायचा. उलटा फिरायचा, सुलटा फिरायचा, पुन्हा वेग घ्यायचा, पुन्हा धप्. असं बराच वेळ झाल्यावर मशीन हात टेकायची आणि पट्टीवर इंग्रजी अक्षरं यायची, यू आणि ई.

“काय लिवला हाये?” मायने विचारलं.

“यू, ई,” मी म्हणालो.

“ऊई? ऊई म्हनते?” माय मशीनजवळ वाकली. “काही दुखून राहिला का तिले?”

बायको इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी हसलो नाही. पाणी गळणारी चादर बाहेर काढली, एक टोक मायने धरलं, एक बायकोने, आणि नव्या कोऱ्या मशीनसमोर त्या दोघींनी ती पिळली. मी दारात उभा होतो. ‘जपून’ म्हणायची हिंमत त्या दिवशी झाली नाही.

मग मी दुरुस्तीला लागलो. विज्ञानाचा माणूस घाई करत नाही, एकेक कारण बाद करत जातो, असं मी बायकोला सांगितलं. पहिल्यांदा खालचा फिल्टर उघडला. उघडण्याआधी त्याखाली भांडं ठेवायचं असतं हे उघडल्यावर कळलं. मग सपरीची फरशी सारखी नाही असा निष्कर्ष काढला. गल्लीतल्या गवंड्याकडून पातळी बघायची पाण्याची नळी आणली आणि मशीनचे पाय खालीवर करत तासन्‌तास लोळलो. मशीन इतकी सपाट झाली की तिच्यावर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हलत नव्हतं. चादर टाकली. ऊई.

वजन कमी पडत असेल म्हणून मशीनवर धानाचं पोतं ठेवलं. पोत्यासकट ऊई.

आणि मग मला ते चार बोल्ट आठवले. इतके लांब, इतके मजबूत बोल्ट कारखान्याने उगाच दिले असतील? बसवणारा माणूस ते परत लावायला विसरला असणार. मी ते पाठीमागून घट्ट आवळले. ते फक्त प्रवासात ड्रम हलू नये म्हणून असतात आणि काढून टाकायचेच असतात, हे ज्ञान मला त्यानंतर थोड्याच वेळात झालं. त्या दिवशी मशीन ऊई म्हणाली नाही. तिने वेग घेतला आणि ती चालायला लागली. अक्षरशः चालायला लागली. धानाचं पोतं खाली पडलं, मशीन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली, नळाचा पाइप निघाला आणि मी प्लगपर्यंत पोचेपर्यंत पाणी उंबऱ्यावरून थेट बाबूजींच्या खोलीत गेलं.

“आतापावतर पलंगावर भिजत होता,” आतून आवाज आला, “आता खाली बी भिजला.”

बायकोने पोछा आणून माझ्या हातात दिला.

गोंदियाहून मेकॅनिकला बोलावलं. त्याने बोल्ट काढले, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बोल्टांकडे पाहिलं, आणि बोल्ट माझ्या हातात न देता मायच्या हातात दिले. मग रिकामी मशीन फिरवली. चिमण्या पुन्हा उडाल्या.

“सर, खाली तो मक्खन चल रही है,” तो म्हणाला. “मशीन में कुछ नहीं है. लोड की प्रॉब्लेम है. लोड बराबर रखिए, बस.” त्याला परतीची गाडी गाठायची होती. चहाही न घेता तो स्टेशनकडे गेला.

लोडचा प्रॉब्लेम. आता पूर्व विदर्भात राहणाऱ्या माणसाला लोड म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. लोड येतो, लोड जातो, लोड कमी मिळतो, लोड वाढला की ट्रान्सफॉर्मर उडतो. त्या वर्षांत आमचं जेवण, झोपणं, शेतात मोटार सुरू करणं, सगळं लोडच्या मर्जीने चालायचं. मशीनला वीज पुरेशी मिळत नाही, म्हणून ती वेग घेऊ शकत नाही. इतकी सोपी गोष्ट माझ्या लक्षात कशी आली नाही, असं मला वाटलं आणि मी मनोमन त्या मेकॅनिकचे आभार मानले.

त्यानंतर आमच्या घराने बरंच सोसलं. मशीनसाठी स्टॅबिलायझर आला. मीटरपासून सपरीपर्यंत जाड वायरची वेगळी लाइन टाकली. चादर पिळायची वेळ झाली की मी घरभर ‘लोड कमी करा’ असं ओरडत फिरायचो. फ्रिज बंद, पंखे बंद, टीव्ही बंद. अंधाऱ्या उकाड्यात सगळं घर घाम पुसत बसायचं आणि मी काचेच्या दाराशी उकिडवा बसून ड्रमकडे बघायचो. शेजाऱ्याच्या बोअरची मोटार सुरू झाली की कुंपणावरून त्यालाही थांबवायचो. एकदा तो म्हणाला, “मास्तर, तुमच्या चादरीपायी आमी तहानेले मराचे का?” वीज कार्यालयात जाऊन मी साहेबांसमोर व्होल्टेजवर भाषण दिलं. त्यांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “सर, बाकी सगळं नीट चालतं ना घरात?” त्यांना बहुधा विजेबद्दल विचारायचं होतं.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. ती बायकोच्या लक्षात आली.

“अहो, मामाजींची चादर आजकाल कमी भिजते,” ती म्हणाली. सासू-सासऱ्यांना ती आत्याबाई-मामाजी म्हणायची.

“चांगलंच आहे की. सुधारणा आहे.”

“सुधारणा नाही. पेला पाहा.”

बाबूजींच्या उशाशी स्टीलचा पेला असायचा. सकाळी भरून ठेवलेला पेला दुपारी तसाच होता. संध्याकाळी तसाच. डॉक्टरांनी तर बजावलं होतं की यांना पाणी भरपूर पाजा, नाहीतर मूत्राचा त्रास होईल, ताप चढेल. मी पेला त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी ओठ घट्ट मिटले. त्या ओठांना भेगा पडल्या होत्या आणि मी रोज त्यांच्याच शेजारून स्टॅबिलायझरची सुई बघायला जात होतो.

“बाबूजी, पाणी काऊन नाही पिऊन राहिले?”

ते भिंतीकडे बघत म्हणाले, “पानी पेतो तं चादर भिजते. चादर भिजते तं मशीन रडते. मशीन रडली का तू साऱ्या घरचा लोड बंद करतो. मंग कायले पेऊ?”

मी खूप समजावलं. डॉक्टरांचं नाव सांगितलं, मूत्रपिंडाचं काम सांगितलं. शिक्षकाकडे जे असतं ते सगळं वापरलं. त्यांनी माझी दया येऊन एक घोट घेतला आणि पेला बाजूला केला. त्या दिवसापासून मला मशीनची भीती वाटायला लागली. आधी माझी शान पणाला लागली होती, ती गेली तरी चालली असती. आता ती चादर पिळून निघाली नाही तर माझा बाप तहानलेला राहणार होता.

ते दिवस रोवण्याचे होते. आमच्याकडे धानाच्या लावणीला रोवणा म्हणतात. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मजूर लागले होते आणि माय देखरेखीला जाऊन आली, ती कमरेपर्यंत चिखलाने भरून. सपरीत पाय ठेवला तर मी मशीनसमोर बसलेला, घर अंधारात, आणि धुतलेली चादर धप् धप् करत होती. त्याच सुमारास बायकोने तिला पेल्याचं सांगितलं. माय न्हाणीघरात गेली, कोरडं लुगडं नेसून आली, चिखलाचं लुगडं बादलीत आधी खळबळून काढलं, मशीनचं दार उघडलं आणि ते लुगडं चादरीवर फेकलं.

“फिर आता!” ती मशीनला म्हणाली. “सारा घर तुह्या मांगं लागला. आता नाही फिरली तं बोडीत नेऊन टाकतो तुले.” बोडी म्हणजे आमच्या शेताजवळचं छोटं तळं. माय रागात आली की स्वतःबद्दल पुरुषासारखं ‘टाकतो, मारतो’ असंच बोलायची.

मशीन पहिल्यापासून सुरू केली. धुणं झालं, पाणी गेलं. ड्रमने वेग घेतला, धप् झालं, सावरलं आणि मग तोच तो उंच सूर लागला. मी ताडकन उठलो. ‘लोड आला! लोड बराबर आला!’ असं ओरडत बाबूजींच्या खोलीत गेलो. वेगळी लाइन, स्टॅबिलायझर, वीज कार्यालयातलं भाषण, सगळं एका वाक्यात त्यांना सांगितलं. ते विमानाचा आवाज ऐकत होते. मी पेला पुढे केला आणि त्यांनी अर्धा पेला पाणी घेतलं. रात्री जेवताना मी बायकोला म्हणालो, शेवटी चिकाटी महत्त्वाची. तिने भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी लोड चांगला होता. शेजाऱ्याची मोटार बंद होती. चादर टाकली. ऊई.

मी तिथेच फरशीवर बसलो. हसावं की रडावं कळेना, आणि रडणंच जवळ होतं, कारण आतल्या खोलीत पेला पुन्हा भरलेला राहणार होता. बायको भांडी घासता घासता म्हणाली, “काल आत्याबाईंचं लुगडं होतं ना आत.”

“मग?”

“मग काही नाही. होतं, एवढंच म्हणते.”

मी उठलो. आमची एक वाळलेली चादर आणि माझा शर्ट मशीनमध्ये टाकून पुन्हा सुरू केली. चिमण्या उडाल्या. लोड! मेकॅनिकचा लोड विजेचा नव्हताच. तो कपड्यांबद्दल बोलत होता. एकटी जाड चादर पाणी पिऊन ड्रमच्या एका बाजूला गोळा होते, समोर तिला तोलणारं दुसरं काही नसतं, म्हणून मशीन घाबरून थांबते. दोन-चार कपडे सोबत असले की ते चारी बाजूंना पसरतात. हेच मी दरवर्षी नववीच्या पोरांना शिकवत होतो. बायकोकडे बघायची सोय नव्हती. जाड वायरीची ती लाइन पुढे बरीच वर्षं सपरीच्या भिंतीवर होती.

आता खरं अवघड काम राहिलं होतं. चोरून कपडे मिसळता आले असते, पण तारेवर चादरीशेजारी लुगडं वाळताना त्यांना पलंगावरून दिसलंच असतं. मी एक कागद घेतला, त्यावर ड्रमचं वर्तुळ काढलं, बाण काढले आणि बाबूजींच्या पलंगावर बसलो. मायचं लुगडं आत गेलं होतं हे ऐकताच त्यांनी माझ्या हातातला कागद उजव्या हाताने बाजूला सारला.

“तिच्या लुगड्याले माहा मूत लावला तुमी? लाज नाही वाटली?”

“बाबूजी, पाण्याने सगळं धुऊनच निघतं. मशीनला फक्त लोड लागतो...”

“तुहा लोड तुह्यापाशी ठेव. माही चादर अलग. नाही वारली तं मी ओल्यावर झोपतो. माही चादर अलग.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाबूजींच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी पाहिलं नव्हतं. इतक्या दिवसांत मला वाटत होतं की तो त्यांचा हट्ट आहे, नेहमीसारखा. त्या चादरीबरोबर त्यांनी स्वतःलाच घरातून वेगळं काढलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी वेगळी वाटी, वेगळा पेला, वेगळी मशीन देऊन त्यांना हातभार लावला होता. माझ्या हातातला बाणांचा कागद मी घडी करून खिशात टाकला.

माय दारात उभी होती.

“मी बोडीवर धुवत होती तवा?” ती म्हणाली. “जनमभर एकाच दगडावर धुतला. तुमची धोती अन् माहा लुगडा. रोवन्याच्या दिवसात तं कोनाचा चिखल कोनाले लागला, ते बी समजत नोहता. तवा अलग नोहता. आता काऊन अलग?”

“तवा चिखल होता. आता हे हाये.”

“मशीनीले काय समजते, काय हाये ते? तिले जोड पायजे. पोरगा सांगून राहिला ना. एकटा कपडा तिच्यानं फिरत नाही, जोड लागते तिले.”

“लोड, माय,” मी म्हणालो. शिक्षकाची सवय.

“तेच,” माय म्हणाली.

बाबूजी पंख्याकडे बघत राहिले. माय पलंगाच्या पायथ्याशी बसून त्यांचा निर्जीव पाय नीट सरळ ठेवत राहिली. मग त्यांनी उजवा हात पेल्याकडे नेला.

“पानी दे,” ते मला म्हणाले. “भरून दे.”

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच धुणं झालं. दगड सपरीच्या कोपऱ्यात गेला. बाबूजींना पुढे त्यात मजाच वाटायला लागली. सकाळी चादर बदलली की ते विचारायचे, “आज माह्या चादरीसंगं कोन?” कधी मायचं लुगडं, कधी बायकोची शाळेची साडी. माझा शर्ट असला की खूश व्हायचे. “आज मास्तर गेला का आत? घुमू दे त्याले चांगला. डोक्शातला पानी बी निंगू दे.” मग सूर लागेपर्यंत ते कान देऊन ऐकायचे आणि सूर लागला की पाणी मागायचे. ओठांवरच्या भेगा गेल्या. ज्या शर्टाला हात लावायला मी आधी नाक मुरडलं असतं, तो घालून मी शाळेत जायचो आणि वर्तुळाकार गती शिकवायचो.

पुढे बाबूजी गेले. चादरी संपल्या, सपरीतली तार रिकामी झाली. एका रविवारी मी मशीनमध्ये पावडर टाकायला गेलो तर आत मायचं एक लुगडं होतं आणि त्याच्यासोबत एक पांढरी धोती. बाबूजींची. आजारपण आल्यापासून त्यांनी ती नेसली नव्हती, पेटीत घडी करून ठेवलेली होती. स्वच्छच होती.

“माय, हे कायले टाकली? कोनी घालत नाही तं.”

माय तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“मशीनीले जोड लागते ना,” ती म्हणाली. “तूच तं सांगतला होता.”

घरात माझे दोन टॉवेल होते, ते टाकले असते तरी भागलं असतं. आणि तो शब्द जोड नाही, लोड आहे. दोन्ही गोष्टी माझ्या ओठांवर आल्या होत्या. मी पावडर टाकली, दार लावलं आणि मशीन सुरू केली.